ताणलेल्या व्हॉल्व्हचा स्वर

ज्या घरांत एके काळीं व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस एक अनुभव आठवत असेल. बटण फिरवून आवाज वाढवीत नेला म्हणजे कांहीं मर्यादेपर्यंत तो स्वच्छ राही. त्यापुढें बटण गेलें कीं गाणाऱ्याचा गळा फाटल्यासारखा होई, आणि आंतून कोणीतरी ‘आवाज कमी करा’ म्हणून ओरडे. यंत्रविद्येच्या दृष्टीनें हा उघड दोष होय. परंतु याच दोषाला कलावंतांनीं गुणाचें रूप दिलें. रॉक संगीतांतील विजेच्या गिटारचा जो भरदार, किंचित् खरखरीत व दीर्घकाळ टिकणारा स्वर आज जगभर ओळखला जातो, तो मुळांत ताणलेल्या व्हॉल्व्हचा स्वर आहे. तो आपल्या खोलींत उत्पन्न करावा अशी आज कित्येक तरुणांस हौस असते. त्यासाठीं जुन्या घाटाचा महागडा ॲम्प्लिफायर घरीं येतो, आणि तरीहि हवा तो स्वर निघत नाहीं म्हणून त्यांची निराशा होते. असें कां व्हावें, हें एका प्रसिद्ध उदाहरणावरून नीट कळण्यासारखें आहे.

सन १९६६ च्या जुलै महिन्यांत इंग्लंडमध्यें जॉन मेऑल यांच्या वाद्यवृंदाची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तींत गिटार वाजविणारा एरिक क्लॅप्टन हा तेव्हां एकवीस वर्षांचा होता. लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेड भागांतील डेक्का कंपनीच्या मुद्रणगृहांत तिचें मुद्रण झालें. त्या काळीं मुद्रणगृहांत ॲम्प्लिफायर बेताच्या आवाजांत ठेवण्याची पद्धति होती. क्लॅप्टननें मात्र रंगमंचावर वाजवितों तितक्याच मोठ्या आवाजांत वाजविण्याचा हट्ट धरला, आणि तंत्रज्ञांस त्याप्रमाणें आपली मांडणी बदलावी लागली. त्या हट्टांतून जो स्वर मुद्रित झाला, तो पुढील पिढ्यांस आदर्श होऊन बसला.

हा ॲम्प्लिफायर कोणता व तो कोठून आला, याची हकीकतहि मनोरंजक आहे. जिम मार्शल हे लंडनमधील एक ढोलवादक व ढोल शिकविणारे शिक्षक. हॅनवेल भागांत त्यांचें वाद्यांचें दुकान होतें. गिटारवादक गिऱ्हाइकांना अमेरिकन ॲम्प्लिफायर हवे असत, पण ते फार महाग पडत. तेव्हां १९६२ च्या सुमारास केन ब्रॅन व डडली क्रेव्हन या तंत्रज्ञांच्या साहाय्यानें मार्शल यांनीं फेंडर कंपनीच्या ‘बेसमन’ या ॲम्प्लिफायरच्या धर्तीवर स्वतःचा ॲम्प्लिफायर बनविला. मांडणी जवळजवळ तीच. परंतु सुटे भाग इंग्लंडमध्यें मिळतील ते घातले. पहिला व्हॉल्व्ह अधिक वर्धनशक्तीचा होता आणि लाउडस्पीकरहि निराळे होते. या लहानसहान फरकांमुळें तो अमेरिकन भावंडापेक्षां लवकर ताणला जाई. दोन लाउडस्पीकरांसह एकाच पेटींत बसविलेला त्याचा जो नमुना क्लॅप्टननें वापरला, त्याचा क्रमांक १९६२ असा आहे. हा केवळ यादींतील क्रमांक होय, साल नव्हे.

आतां ताण म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे. व्हॉल्व्ह ही हवा काढून घेतलेली कांचेची नळी. तींतील एक ध्रुव तापला म्हणजे त्यांतून इलेक्ट्रॉन निघून समोरच्या पट्टीकडे धांवतात. या दोहोंच्या मध्यें एक तारेची जाळी बसवावी, ही युक्ति अमेरिकेंतील ली डी फॉरेस्ट यांनीं १९०६ सालीं काढली. जाळीवर गिटारकडून आलेला अल्पसा विद्युद्दाब पडला कीं त्याच्या चढउताराप्रमाणें मोठा प्रवाह कमीजास्त होतो; हेंच आवाजाचें वर्धन. परंतु प्रवाह वाढण्यास वर मर्यादा आहे आणि घटण्यास खालीं मर्यादा आहे. येणारी लहर त्या मर्यादांपेक्षां मोठी झाली म्हणजे तिचे शेंडे चपटे होतात. व्हॉल्व्हचा विशेष असा कीं, बेताच्या ताणांत हे शेंडे सुरीनें कापल्यासारखे तुटत नाहींत. ते हळूहळू दबत जातात.

लहर चपटी झाली म्हणजे तिच्यांत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपसंख्येचे उपस्वर वाढतात. गिटारची मोकळी पांचवी तार सेकंदास ११० वेळां कंप पावते. तिच्याबरोबर २२०, ३३०, ४४० कंपांचे स्वरहि ठळक होतात. तंबोऱ्याची जवारी चांगली लागली म्हणजे एकाच तारेंतून उपस्वरांचा जो समूह उमटतो, तो ज्याच्या कानांत बसला आहे त्यास ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. उपाय भिन्न, परंतु स्वर समृद्ध होण्याचें कारण एकच.

तथापि हें कार्य एकट्या व्हॉल्व्हचें नव्हे. क्लॅप्टनच्या गिब्सन गिटारवर जीं चुंबकीय वेटोळीं होतीं, तीं सेथ लव्हर यांनीं १९५५ सालीं योजिलेल्या जोडवेटोळ्याच्या पद्धतीचीं होतीं. त्यांत विजेची गुणगुण नाहींशी होते आणि संदेश जोरकस मिळतो. त्यामुळें पहिल्या व्हॉल्व्हवर भार अधिक पडतो. वीज पुरविणारा रेक्टिफायरहि व्हॉल्व्हचाच होता. तार जोरानें छेडली कीं त्याचा दाब क्षणभर खालीं येतो व मग सावरतो. म्हणून आघात मऊ होऊन मागून स्वर फुलल्यासारखा वाटतो. शिवाय लाउडस्पीकरचा मोठा आवाज हवेंतून पुनः तारेवर आदळून तिला कंपित ठेवतो, आणि स्वर लांबतो.

घरच्या प्रयोगांतील अपयशाचें मूळ येथें सांपडतें. खोलींत बसून बटण दोनावर ठेवलें म्हणजे व्हॉल्व्ह आरामांत असतो. मग यंत्र कितीहि अस्सल असो, स्वर स्वच्छ व थोडा कोरडाच निघणार. बटण आठावर नेलें तर शेजारी दारांत उभे राहतात. तीस वॉटच्या ऐवजीं तीन वॉटचा ॲम्प्लिफायर घेतला तरी कानाला आवाज सुमारें निम्माच वाटतो. कारण शक्ति दसपट घटली तेव्हां कोठें आवाज निम्मा भासतो. गिटारचे कित्येक लाउडस्पीकर अवघ्या एका वॉटवर, एक मीटर अंतरावर, ९५ डेसिबलहून अधिक आवाज देतात.

यावर उपाय दोन. पहिला, थोड्या वॉटचा साधा व्हॉल्व्ह-ॲम्प्लिफायर घेऊन तो पूर्ण ताणावर चालविणें. दुसरा, ॲम्प्लिफायर व लाउडस्पीकर यांच्यामध्यें अटेन्युएटर बसविणें; तो बहुतेक शक्तीची उष्णता करून टाकतो. त्याचा रोध ॲम्प्लिफायरशीं जुळता असावा. लाउडस्पीकर किंवा असा भार जोडल्याविना व्हॉल्व्ह-ॲम्प्लिफायर कधींहि चालवूं नये. त्यानें आंतील ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो. मग ॲम्प्लिफायरचें बटण जागच्या जागीं ठेवून गिटारवरील बटणानें काम घ्यावें: कमी केलें कीं स्वर निवळतो, वाढविलें कीं भरडतो. वादकाच्या बोटांनाहि हा ॲम्प्लिफायर असाच उत्तर देतो, आणि त्याची खरी थोरवी यांत आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी विसरून चालणार नाहीं. या यंत्रांत ४०० व्होल्टहून अधिक दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरहि कंडेन्सरमध्यें तो राहूं शकतो. म्हणून माहितगार कारागिराखेरीज कोणीं पेटी उघडूं नये. दुसरी गोष्ट कानांची. अमेरिकेंतील व्यवसाय-आरोग्य संस्थेचें प्रमाण असें कीं, ८५ डेसिबलचा आवाज दिवसांतून ८ तासांपेक्षां जास्त ऐकूं नये, आणि दर ३ डेसिबलच्या वाढीस ही मुदत निम्मी करावी. म्हणजे १०० डेसिबलला ती केवळ १५ मिनिटें उरते. स्वतः क्लॅप्टन यांनीं जानेवारी १९१८ नव्हे, तर २०१८ मध्यें, म्हणजे वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, आपल्याला ऐकूं कमी येऊं लागलें असून कानांत सतत नाद होत असल्याचें एका रेडिओ मुलाखतींत सांगितलें.

ज्या गिटारवर तो स्वर वाजला, ती १९६६ सालींच चोरीस गेली. ती वस्तु कोणास विकत मिळावयाची नाहीं. पण तिच्यामागचें तत्त्व सर्वांस खुलें आहे. यंत्र आपल्या मर्यादेच्या कांठावर ठेवावें, आणि कान मात्र त्या मर्यादेच्या पुष्कळ अलीकडे राखावे. व्हॉल्व्ह जळला तर दुसरा बसवितां येतो; कानाच्या आंतील नाजूक पेशी एकदां मेल्या कीं पुनः उगवत नाहींत.