त्यांची निवृत्ती, तिची जादा पाळी

आमच्या नाशकात रिटायर माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. नाशिकरोडला तिकिटं आणि स्टॅम्प छापणारा सिक्युरिटी प्रेस १९२५ सालचा, नोटा छापणारा प्रेस १९२८ सालचा. शिवाय ओझरचा विमान कारखाना, एकलहऱ्याचं वीज केंद्र, सातपूर-अंबडच्या कंपन्या आणि सगळी सरकारी कचेऱ्या. महिनाअखेर आली की कुठे ना कुठे निरोपसमारंभ ठरलेलाच. शाल, नारळ, गुच्छ आणि भिंतीवरचं एक मोठं घड्याळ! ज्याला उद्यापासून कुठेही वेळेवर पोचायचं नाही, त्यालाच नेमकं घड्याळ का देतात, हे कोडं मला काही सुटलेलं नाही.

समारंभात भाषणं होतात. "आता आराम करा, नातवंडांत रमा," असं सगळे सांगतात. शेजारच्या खुर्चीवर नवी साडी नेसून बसलेल्या बाईंना मात्र "तुम्ही केव्हा रिटायर होणार?" असं कुणी विचारत नाही. केंद्र सरकारने १९९८ साली आपल्या नोकरांचं निवृत्तीचं वय अठ्ठावन्नवरून साठ केलं. बाईच्या निवृत्तीचं वय अजून कुठल्याच परिपत्रकात आलेलं नाही. उलट ज्या दिवशी यांची पाळी संपते, त्या दिवसापासून तिची जादा पाळी सुरू होते!

मैत्रिणींनो, रिटायर पुरुषांचे काही ठळक प्रकार असतात. तुमच्याही घरात यातला एखादा सापडेल, बघा.

पहिला प्रकार निरीक्षकांचा. यांना बसायला टेबल उरलेलं नसतं, म्हणून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात. "कोथिंबिरीचे देठ का टाकतेस?" "गॅस मोठा आहे." "फ्रीज एवढा वेळ उघडा ठेवायचा नसतो." जणू तीस-पस्तीस वर्षं या बाईने फ्रीज हाताळलाच नव्हता!

दुसरा प्रकार बाजारवाल्यांचा. बुधवारी गंगेवरचा बाजार यांचा अगदी पक्का. मेथी स्वस्त मिळाली म्हणून सहा जुड्या घेऊन येतात. वर विजयी मुद्रेने म्हणतात, "मंडईपेक्षा निम्म्या भावात!" ती निवडणार कोण, हा प्रश्न त्यांच्या हिशेबात बसत नाही.

तिसरे फिरायला जाणारे. पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानाला चार फेऱ्या मारायच्या, मग बाकावर बसून देशाचा कारभार सुधारायचा. घरी यायचं ते बरोब्बर साडेआठला. इकडे सुनेचा डबा, मुलांची रिक्षा, कुकरची शिट्टी, सगळं एकदम चाललेलं. आणि दारातूनच आवाज येतो, "काय नाश्ता आहे आज?"

ही सगळी थट्टा झाली. पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती दुपारची आहे.

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, चार वर्षांपूर्वी प्रेसमधून रिटायर झाले. तोपर्यंत घरात एक ते साडेतीन ही वेळ आईंची, म्हणजे सासूबाईंची होती. ओटा पुसून झाला की पदराला हात कोरडे करत त्या पुढच्या खोलीत येत. पेपर घेऊन जरा आडव्या होत, चष्मा नाकावर तसाच ठेवून डुलकी काढत. कधी शेजारच्या काकू भिशीचे पैसे द्यायला येत, कधी भजनी मंडळाची तालीम असे. ते अडीच तास त्यांनी कुणाकडे मागून घेतले नव्हते. घर रिकामं असायचं, म्हणून ते आपोआप त्यांचे झाले होते.

नाना घरी बसू लागले आणि दीड वाजता टी.व्ही. लागला. सव्वादोनला "झोपलीस का गं?" अडीचला "जरा चहा टाकतेस?" काकू दारातूनच परत जाऊ लागल्या. "भाऊजी घरी आहेत ना, मग येईन कधीतरी." मी अर्धवेळ शिक्षिका. शाळेतून दोनला परत येते, त्यामुळे हे सगळं डोळ्यांसमोर घडत होतं. एकदा भांडी लावता लावता आई हळूच म्हणाल्या, "माणूस घरात आला, बरंच झालं. पण माझी दुपार गेली गं."

त्यात नानांचीही चूक म्हणवत नाही. ज्यांनी इतकी वर्षं पाळीच्या वेळा पाळल्या, मोजून कागद घेतले आणि मोजून परत दिले, त्यांना एका संध्याकाळी सांगायचं की उद्यापासून तुमची कुठेच गरज नाही! करमायचं कसं? कामाची सवय असलेला माणूस काम शोधतो आणि मग बायकोच्या कामातच लक्ष घालतो.

आम्ही त्यावर उपाय काढला. नानांना 'मदत करा' असं सांगायचं नाही, कारण मदतीला देखरेख लागते. त्यांना एक अख्खं खातंच द्यायचं. दुपारचा चहा, दूध, गॅसचा नंबर, धान्याची साफसफाई, हे सगळं त्यांच्याकडे. अट एकच. "साखर कुठे आहे?" असं विचारलं की खातं काढून घेतलं जाईल! पहिल्या आठवड्यात चहा काढ्यासारखा झाला, एकदा दूध उतू गेलं. कुणी उठून गेलं नाही. आता साडेतीनचा चहा नाना करतात आणि दुपारी टी.व्ही. बंद असतो. संध्याकाळी ते सार्वजनिक वाचनालयात जातात. १८४० सालचं वाचनालय आहे हो आपलं! पुस्तक स्वतःसाठी आणतात तसं आईंसाठीही आणतात.

आता थोडं कागदपत्रांचं, कारण हसण्यावारी नेता येणार नाही असा विषय तोच आहे. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. (ऐंशी वर्षांवरच्या केंद्रीय पेन्शनरांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो.) "मी जिवंत आहे," असं दरवर्षी लिहून द्यायचं! १० नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण'मुळे हे काम आधार आणि बोटांच्या ठशावर होऊ लागलं. पण जन्मभर भांडी घासलेल्या बायकांच्या बोटांवर रेषाच उरत नाहीत. मशीन ठसा घेईना, म्हणजे जिवंत असून दाखला नाही! २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो, ही मोठी सोय झाली.

नाना दाखला भरत होते, तेव्हा मी आईंना सहज विचारलं, "यांची पेन्शन ऑर्डर कुठे असते, ठाऊक आहे का?" त्या म्हणाल्या, "कपाटात असेल. ते बघतात सगळं." आपल्याकडे बहुतेक घरांत हेच उत्तर मिळेल. ज्या दिवशी 'ते' बघायला नसतील, त्या दिवशी तिने कपाट धुंडाळायचं का?

म्हणून एका दुपारी फाईल काढून दोघांनी मिळून बसा. पी.पी.ओ., म्हणजे पेन्शनची ऑर्डर, तिच्यावर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख आहे ना, ती आधार कार्डाशी जुळते ना, ते बघा. केंद्र सरकारच्या पेन्शनमध्ये पत्नीला पुढे साधारणपणे शेवटच्या पगाराच्या तीस टक्के कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, वर महागाई भत्ता. पेन्शनचं खातं दोघांच्या नावाने असलं तर तिला नवं खातं उघडायला धावावं लागत नाही. कंपनीतून निवृत्त झालेल्यांना बहुधा १९९५ च्या योजनेतली पेन्शन असते. सप्टेंबर २०१४ मध्ये तिची किमान रक्कम महिना एक हजार रुपये ठरली. एवढ्यात घर चालत नाही, तेव्हा फंडाच्या पैशाचं काय केलं, कुठे ठेवला, हेही तिला माहीत हवं.

आणि हो, दोघांनी मिळून हिंडायलाही जावं. एस.टी.त बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं, पंचाहत्तरीपुढच्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट. आमचे आई-नाना त्र्यंबकला जाऊन येतात. तिथे समाधी आहे ती निवृत्तिनाथांची! ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई या धाकट्या भावंडांची सोय लागल्यावर थोरल्या निवृत्तिनाथांनी शेवटी समाधी घेतली, असं परंपरा सांगते. म्हणजे निवृत्ती हे नाव असलेल्यानेसुद्धा जबाबदारी अर्ध्यात टाकली नव्हती!

तेव्हा तुमच्या घरी यंदा कुणी रिटायर होणार असेल, तर हार-नारळाची ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी ठरवून टाका. दुपारचे अडीच तास कुणाचे, आणि फाईल कुठे ठेवलेली आहे. घड्याळ काय, समारंभात मिळेलच!