थ्रॉटलमधले गरम पाणी आणि पाऊण अश्वशक्ती

मोटारीच्या इंजिनाला थंड ठेवणारे पाणी इंजिनातून बाहेर पडते तेव्हा ते सुमारे ९० अंश सेल्सियसपर्यंत तापलेले असते. त्यातले बहुतेक रेडिएटरकडे जाते. अनेक गाड्यांमध्ये मात्र त्यातले अगदी थोडेसे पाणी बोटाएवढ्या रबरी नळीतून थ्रॉटल बॉडीकडे वळवलेले असते. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा शिरण्याच्या वाटेवरचा धातूचा आखूड नळकांडा. त्यात मधोमध आसावर फिरणारी एक गोल चकती असते. अॅक्सिलरेटर दाबला की चकती उघडते आणि हवा आत जाते.

आता इथे कोणाही विचारी विद्यार्थ्याला शंका येईल. गरम हवा विरळ असते. विरळ हवेत ऑक्सिजन कमी, म्हणून जाळता येणारे पेट्रोलही कमी, म्हणून ताकदही कमी. मग इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या वाटेवर गरम पाणी खेळवण्याचा उद्योग कशासाठी? अमेरिकेतल्या हौशी मोटारवाल्यांना ही शंका फार पूर्वीच आली. १९९७च्या कॉर्व्हेट गाडीत आणि पुढच्या वर्षीच्या कॅमेरोत जे ५.७ लिटरचे एल.एस.१ इंजीन आले, त्याच्या मालकांत तर थ्रॉटलला जाणारी नळी काढून दोन्ही टोके एकमेकांना जोडून टाकण्याची मोठीच टूम निघाली. खर्च एका नळीच्या तुकड्याचा, आणि फायदा काही अश्वशक्तींचा, असे सांगितले जाई.

या दाव्याला नेहमी मिळणारे उत्तर असे: हवा इतक्या वेगाने जाते की तिला तापायला वेळच मिळत नाही. आम्हीही एकेकाळी हेच उत्तर देत असू. ते पटते, कारण चुलीतला निखारा चटकन उचलून टाकणारी माणसे आपण पाहिलेली असतात. स्पर्श क्षणभराचा असेल तर बोट भाजत नाही. पण हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी बशीतल्या चहावर फुंकर मारून पाहावी. जोराने फुंकले तर चहा लवकर निवतो. म्हणजे हवेचा वेग वाढला की ती गरम वस्तूकडून जास्त उष्णता उचलते. वेगामुळे एकीकडे वेळ कमी मिळतो आणि दुसरीकडे मिळालेल्या वेळात उष्णता जास्त उचलली जाते. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडला पाहिजे.

हा हिशेब अभियंत्यांनी केव्हाच मांडून ठेवला आहे. नळीतून खळबळत जाणाऱ्या हवेचा वेग दुप्पट केला, तर तिला भिंतीकडून मिळणारी उष्णता सुमारे पावणेदोनपट होते. हवा दुप्पट, उष्णता पावणेदोनपट. म्हणजे हवेच्या तापमानातली वाढ जेमतेम १३ टक्क्यांनी घटते. वेग चाळीसपट केला तरी तापमानवाढ निम्म्यावर येते, त्याहून फारशी खाली जात नाही. वेगाला आपण समजतो तेवढे महत्त्व नाही.

महत्त्व आहे ते नळीच्या लांबीला. एल.एस.१ च्या थ्रॉटलचा व्यास सुमारे ७५ मि.मी. आहे. लांबी ८० मि.मी. धरू. म्हणजे ही नळी जेवढी रुंद जवळजवळ तेवढीच लांब आहे. नळीपेक्षा तिला कडे म्हणणेच बरे. मधून जाणाऱ्या हवेतला फार मोठा भाग भिंतीला शिवतसुद्धा नाही. एवढ्या लांबीत हवेचे तापमान भिंत आणि हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या साधारण एक टक्क्याने वाढते. तोंडापाशी आणि चकतीभोवती हवा अधिक घुसळली जाते म्हणून सढळ हाताने दोन टक्के धरू. भिंत ९० अंश, हवा ३० अंश. फरक ६० अंश, आणि त्याचे दोन टक्के म्हणजे १.२ अंश. खरी वाढ याहून कमीच असणार, कारण पाण्याची वाट नळकांड्याच्या एका बाजूला आहे आणि सगळी भिंत काही ९० अंशांवर नसते.

आता अश्वशक्तीकडे वळू. दाब तोच असताना हवेची घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३० अंश सेल्सियस म्हणजे ३०३ केल्व्हिन. त्यात १.२ ची वाढ म्हणजे घनतेत ०.४ टक्का घट. १९९७च्या कॉर्व्हेटचे इंजीन ३४५ अश्वशक्तींचे होते, त्याचा ०.४ टक्का म्हणजे १.४ अश्वशक्ती. प्रत्यक्षात एवढेही मिळत नाही. थंड हवा आत शिरली की तापलेल्या झडपा आणि सिलिंडर तिला अधिक तापवतात, त्यामुळे थंडाव्याचा काही फायदा वाटेतच विरतो. इंजिनांच्या चाचणीचे जे अमेरिकी मानक आहे त्यात म्हणूनच तापमानाची दुरुस्ती वर्गमुळाने करतात. त्या नियमाने फायदा उरतो पाऊण अश्वशक्तीच्या आत.

मग नळी काढल्यावर गाडी जोमदार झाली असे सांगणारे सगळे खोटे बोलतात का? तसे मुळीच नाही. पण पद्धत पाहा. गाडी आधी तापलेल्या अवस्थेत पळवायची, मग बॉनेट उघडून अर्धा-पाऊण तास नळ्यांशी झटापट करायची आणि लगेच पुन्हा पळवायची. तेवढ्या वेळात बॉनेटखालचे सगळेच निवलेले असते. फरक दिसला तर तो नळीचा की विश्रांतीचा? शिवाय एकाच गाडीच्या लागोपाठ दोन मापनांतही एखाद्या टक्क्याचा फरक सहज पडतो. त्यात ०.२ टक्का शोधणे म्हणजे धान्याच्या वखारीतल्या काट्यावर अंगठी जोखणे. वर्गात ‘एका वेळी एकच घटक बदलावा’ हा नियम शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे. थंड हवाच हवी असेल तर हवा बॉनेटच्या आतून घेण्याऐवजी बाहेरून घ्यावी. तिथे फरक वीस-तीस अंशांचा असू शकतो.

हिशेबाची दुसरी बाजू मात्र पाऊण अश्वशक्तीएवढी क्षुल्लक नाही. गाडी नुसती उभी राहून चालू असते तेव्हा चकती जवळजवळ बंद असते. कडेच्या बारीक फटीतून हवा ध्वनीच्या वेगाच्या आसपास घुसते. हा वेग येतो हवेच्याच उष्णतेतून, म्हणून तेवढ्यापुरती ती बरीच थंड पडते. बाहेर दमट आणि गोठणबिंदूच्या आसपासची हवा असेल तर चकतीच्या कडेला बर्फ धरू शकतो. इंजिनाच्या पोटातली वाफही याच वाटेने परत फिरवलेली असते, तिचे पाणी त्यात भर घालते. बर्फाने चकती अडकली तर पाय उचलल्यावरही ती मिटत नाही, आणि घसरड्या रस्त्यावर गाडी वेग सोडत नाही.

जुन्या कार्ब्युरेटरमध्ये हा धोका कितीतरी मोठा होता, कारण पेट्रोलचे बाष्पीभवन तिथेच होई आणि हवा आणखी गार पडे. छोट्या विमानांच्या चालकांना तर हे आजही शिकवतात की, दमट हवेत बाहेरचे तापमान २० अंशांच्या वर असतानाही कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होऊ शकतो. पेट्रोल आता झडपेजवळ किंवा थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. त्यामुळे फ्लोरिडातल्या कॉर्व्हेटवाल्याला नळी काढून तोटा नाही, तसाच जाणवण्याजोगा नफाही नाही; मिनेसोटात मात्र ती जागेवरच हवी. काही जपानी बनावटीच्या गाड्यांत याच पाण्याने मेण वितळते आणि थंड इंजिनासाठी उघडलेली जादा हवेची वाट बंद होते. तिथे नळी काढली तर मेण तापत नाही, आणि उभ्या गाडीचे इंजीन विनाकारण जोरात फिरत राहून पेट्रोल जाळते.

लांबीचा मुद्दा वर्गात पाहता येईल. पत्र्याचे सारख्या मापाचे चार डबे दोन्ही बाजूंनी कापून घ्यावेत; कडा ठोकून बोथट कराव्यात. एका डब्याभोवती उकळत्या पाण्यात बुडवलेला टॉवेल चिमट्याने गुंडाळावा (हे काम शिक्षकांनीच करावे), आतून टेबलफॅनची हवा सोडावी आणि पलीकडच्या तोंडाशी, मधोमध व कडेला, तापमापी धरावा. टॉवेल भराभर निवतो, तेव्हा वाचन लगेच घ्यावे. नंतर पंख्याचा वेग बदलून पाहावे. शेवटी चारही डबे एकापुढे एक जोडून, तितकेच टॉवेल गुंडाळून वाचन घ्यावे. वेग बदलल्याने आकडा किती हलतो आणि लांबी चौपट केल्याने किती, याचा तक्ता मुलांनाच करू द्यावा.