न्यूटनीय दुर्बिणीतील फोकसरची उंची आणि नाभीय प्रतलाचे स्थान

प्रस्तावना :
१९४४ साली पुण्यात स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेपासून महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा चालत आली आहे. पुढे आयुकाने घेतलेल्या दुर्बीण-निर्मिती कार्यशाळांमुळे स्वतः आरसा घासून दुर्बीण तयार करण्याच्या छंदाला बळ मिळाले. आरसा घासण्याविषयी पुष्कळ बोलले जाते; नळीला फोकसरचे छिद्र कोठे पाडावे, हा प्रश्न मात्र बहुधा कारागिरावर सोपविला जातो. चुकीच्या छिद्रामुळे उत्तम आरसा असूनही प्रतिमा स्पष्ट होत नाही आणि महाविद्यालयाची दुर्बीण कपाटात पडून राहते.

नाभीय प्रतलाची निश्चिती :
मुख्य अंतर्वक्र आरशाकडून येणारे किरण तिरक्या सपाट दुय्यम आरशामुळे काटकोनात वळतात व नळीबाहेर एकत्र येतात. मुख्य ते दुय्यम आरसा आणि दुय्यम आरसा ते नाभीय प्रतल या दोन अंतरांची बेरीज म्हणजेच नाभीय अंतर होय. १५० मिमी व्यासाचा व १२०० मिमी नाभीय अंतराचा आरसा घेऊ. नळीची बाह्य त्रिज्या ९५ मिमी, पूर्ण आत घेतलेल्या फोकसरची उंची ७५ मिमी आणि निरनिराळ्या नेत्रिकांसाठी राखलेली सूट १५ मिमी धरल्यास दुसरे अंतर १८५ मिमी येते. म्हणजे छिद्राचा मध्य मुख्य आरशापासून १०१५ मिमीवर हवा.

येथे १२०० हा आकडा गृहीत धरणे धोक्याचे आहे. हाताने घासलेल्या आरशाचे नाभीय अंतर योजलेल्या अंतराशी क्वचितच तंतोतंत जुळते. म्हणून आरसा किंचित तिरका धरून चंद्राची प्रतिमा बटर पेपरवर घ्यावी आणि आरशापासून तिचे अंतर मोजावे. ही प्रतिमा सुमारे ११ मिमी व्यासाची असते व भिवंडीसारख्या दिव्यांनी उजळलेल्या शहरातूनही सहज मिळते. सूर्यावर हा प्रयोग कदापि करू नये. दिवसा समोरच्या मोबाइल टॉवरवर मापन उरकण्याचा मोह होतो. परंतु १०० मीटरवरील वस्तूची प्रतिमा ताऱ्याच्या प्रतिमेपेक्षा जवळजवळ १५ मिमी पुढे पडते. राखलेली सगळी सूट एवढ्यानेच संपते! जोडणी झाल्यावर फोकसरच्या तोंडावर तोच कागद ताणून, चंद्राची कड रेखीव दिसेल तेथे नळीच्या पृष्ठभागापासूनची उंची व्हर्नियरने पडताळावी.

कॅमेऱ्याचा प्रश्न :
प्रचलित टी-जोडणीत डीएसएलआर कॅमेऱ्याचा संवेदक जोडणीच्या पृष्ठभागामागे ५५ मिमीवर असतो. उपरोक्त दुर्बिणीत नाभीय प्रतल फोकसरच्या वर अवघे १५ मिमी असल्याने कॅमेरा आणखी ४० मिमी आत जाणे आवश्यक ठरते, आणि तेवढी जागाच नसते. मुख्य आरसा ४० मिमी पुढे सरकविल्यास प्रतल तितकेच बाहेर येते. मात्र दुय्यम आरसा ते प्रतल हे अंतर आता २२५ मिमी होते. ३६ मिमीच्या दुय्यम आरशाने मिळणारे पूर्ण प्रकाशित क्षेत्र १५ मिमीवरून सुमारे १० मिमीवर येते व छायाचित्राच्या कडा काळवंडतात. मोठा दुय्यम आरसा बसवावा तर मुख्य आरशावरील सावली वाढून ग्रहांवरील बारीक तपशील फिके पडतात. कमी उंचीचा फोकसर हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय. छिद्र पाडण्यापूर्वीच तो निवडला, तर ४० मिमी उंचीच्या फोकसरने ३५ मिमी वाचतात आणि मुख्य आरसा केवळ ५ मिमी हलवावा लागतो. नेत्रिकेने पाहताना मात्र तेवढीच लांबी भरून काढणारी जोडनळी जवळ ठेवावी लागते.