शाळेच्या दिवशीच दुखणारं पोट



मागच्या पावसाळ्यात वस्तीतली एक आई तिसरीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. तीन महिन्यांत दोनदा लघवीची जळजळ, ताप आणि ओटीपोटात दुखणं. दोन्ही वेळा डॉक्टरांनी लघवी तपासून औषध दिलं होतं, गोळ्यांचा कोर्सही पूर्ण केला होता. आई म्हणाली, "ताई, मी स्वच्छता ठेवते. हवं तर घरी येऊन बघा. मग परत परत कसं होतंय?" तिच्या आवाजात काळजीपेक्षा लाज जास्त होती. 'तुम्ही लोक घाण राहता' हे आपल्या बायकांना इतक्यांदा ऐकावं लागलंय, की मूल आजारी पडलं तरी आधी स्वतःची बाजू मांडतात.

मी मुलीची पाण्याची बाटली मागितली. संध्याकाळचे सहा वाजले होते, आणि सकाळी भरलेली बाटली तशीच गळ्यापर्यंत भरलेली होती.

"शाळेत तहान लागत नाही का गं?"

"लागते."

"मग?"

बराच वेळ ती फ्रॉकचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "पाणी प्यायलं की सूला जावं लागतं."

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. शाळेत मुलींच्या मुतारीला तीन दारं, कडी एकालाच, आणि तीही नीट बसत नाही. मधल्या सुट्टीत पाचवीतल्या चार-पाच मुली तिथे उभ्या राहायच्या. ही आत गेली की दार ढकलायच्या, हसायच्या. एक नावही ठेवलं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. आपल्यातल्या पुष्कळांनी ते शाळेत कधी ना कधी ऐकलेलं आहे. मग या पोरीने स्वतःच उपाय काढला होता. सकाळी घरून जाऊन यायचं, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही.

आता यातलं शरीरशास्त्र सांगते. प्राथमिक शाळेतल्या मुलाला दिवसाला साधारण सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात जास्त. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते. ती तासन् तास दाबून धरली की मूत्राशयातले जंतू धुऊन निघत नाहीत, ते वाढतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, म्हणून त्यांना लागण लवकर होते. शौचही दाबून ठेवलं की खडा होतो, फुगलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं, आणि लागणीला आणखी एक वाट मिळते. औषधाने जंतू मरतात, पण दुसऱ्या दिवशी मूल त्याच शाळेत जातं आणि पुन्हा पाणी पीत नाही. डॉक्टर चुकले नव्हते आणि आईही चुकली नव्हती. आजाराचं मूळ त्या न बसणाऱ्या कडीपाशी होतं.

हे ऐकताना मला सातारा आठवलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी शाळेतल्या तहानेबद्दल लिहिलं आहे. बाकीची मुलं गुरुजींना विचारून नळावर जात. त्यांना नळाला हात लावायची मुभा नव्हती, शिपायाने नळ उघडला तरच पाणी मिळे. शिपाई नसला की तहानेलंच राहायचं. आज नळ सगळ्यांना उघडा आहे. तरी आठ वर्षांची मुलगी भरलेली बाटली जवळ असून तहानेली बसते. विद्यार्थी दिवसाच्या भाषणांत हेही यायला हवं, असं मला वाटतं.

'पोरं आहेत, भांडणारच' असं म्हणून आपण बरंच सोडून देतो. भांडण आणि छळ यांत फरक आहे. भांडणात दोघंही बरोबरीचे असतात, दोघंही चिडतात, आणि दुसऱ्या दिवशी एकत्र गोट्या खेळतात. छळात एकच बाजू दर वेळी खाली पडते. त्रास पुन्हा पुन्हा होतो, मुद्दाम होतो, आणि ज्याला होतो त्याला तो थांबवता येत नाही. नॉर्वेतले संशोधक डॅन ओल्व्हेयस यांनी शाळांचा अभ्यास करून छळाच्या याच खुणा सांगितल्या आहेत. वयाने मोठं असणं, संख्येने जास्त असणं, गोरं असणं, 'चांगल्या घरचं' असणं, हे सगळं लहान मुलांच्या जगात ताकदच असतं. जात तर आहेच. ती पाठ्यपुस्तकातून शिकावी लागत नाही. 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा' एवढं भर वर्गात म्हटलं की पुरतं. माझ्या लहानपणी 'बीसीवाल्या मुली उभ्या राहा' म्हणत. उभं राहिल्यावर मानेला जी आग व्हायची, ती अजून आठवते. फॉर्म भरायला मुलांना सर्वांसमोर उभं करायची काहीच गरज नसते. यादी कार्यालयात असते आणि निरोप पालकांना देता येतो.

पोरं घरी येऊन 'माझा छळ होतो' असं सांगत नाहीत. त्यांना तो शब्दच माहीत नसतो. शिवाय आई-बाबा आधीच थकलेले असतात, हेही त्यांना कळतं. त्यांचं शरीर मात्र सांगत असतं. सकाळी बेंबीभोवती पोट दुखतं, शाळा चुकली की दहाला बरं होतं, रविवारी दुखतच नाही. डोकं दुखतं. डबा परत येतो, किंवा मूल घरी येऊन वखवखल्यासारखं खातं, कारण शाळेत खिचडीच्या पंगतीत त्याला शेजारी बसू देत नाहीत. पेन्सिली हरवतात. सहा-आठ महिने कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. झोपेत दचकतं. धाकट्या भावंडाला विनाकारण मारतं.

एक गोष्ट ठासून सांगते. अशा मुलाचं पोट खरंच दुखतं. भीतीने आतड्याची हालचाल बदलते, कळ येते. 'नाटकं करू नकोस' हे वाक्य कृपा करून घरातून हद्दपार करा. पण उलट चूकही करू नका. प्रत्येक पोटदुखी शाळेमुळेच असते असं समजून बसू नका. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, उजवीकडे खाली दुखत असेल, सोबत ताप किंवा हिरवट उलटी असेल, शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, तर थांबू नका, दवाखाना गाठा. अंथरूण ओलं होण्याबरोबर तहान फार वाढली असेल आणि मूल वाळत चाललं असेल, तर त्याच दिवशी साखर तपासून घ्या. लहान मुलांनाही मधुमेह होतो.

शंका असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखलेल्या दिवशी पेनने ठिपका द्या. तीन-चार आठवड्यांत चित्र दिसतं. त्या मुलीच्या आईने ठिपके दिले, ते सगळे शाळेच्या दिवसांवर आले आणि गणपतीच्या सुट्टीत एकही नव्हता. हे पान घेऊनच ती नंतर मुख्याध्यापकांकडे गेली.

मुलाला 'तुला कोण मारतं का?' असं थेट विचारलंत तर बहुधा 'नाही' असंच उत्तर येईल. 'आज डबा कुणाशेजारी बसून खाल्लास?', 'वर्गात सगळे कुणाला चिडवतात?', 'शाळेतली कुठली जागा तुला आवडत नाही?' असं विचारा, तेही भाकऱ्या थापताना किंवा वेणी घालताना. समोर बसवून चौकशी केली की मूल बंद होतं. ते बोललं की आधी 'सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा. 'तू काय केलं होतंस?' हा प्रश्न त्या वेळी नकोच. आणि 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, कारण सांगावं लागणार आहे.

'तूही दे ठेवून एक' हा आपल्याकडचा आवडता सल्ला. ज्याला ठेवून देता आली असती, त्याचा छळ झालाच नसता. त्यापेक्षा वाईट म्हणजे बापाने गेटवर जाऊन दुसऱ्याच्या पोराचा कान पिळणं. या मुलीच्या वडिलांनी रागाच्या भरात तेच केलं. मी त्यांना दोष देत नाही, ते नाव ऐकल्यावर माझंही डोकं फिरलं होतं. पण पुढचे पंधरा दिवस वर्गात कुणी तिच्याशी बोललं नाही, आणि शाळेत चर्चा मुतारीच्या दाराची न होता वडिलांच्या दांडगाईची झाली.

मग आम्ही पुन्हा सुरुवात केली. आईने साधा अर्ज लिहिला. काय घडलं, कुठे घडलं, किती दिवस, डॉक्टरांचे दोन कागद, कॅलेंडरचं पान, आणि शेवटी आम्हाला काय हवं आहे. दोन प्रती काढल्या, एकीवर शाळेचा शिक्का घेऊन पोच घेतली. ही सवय लावून घ्या. तोंडी तक्रारीला तारीख नसते.

शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम १७ मुलाला मारायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी घालतं. वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ न देणं ही कलम ८ आणि ९ नुसार सरकारची आणि स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात जागा असाव्यात, असं कलम २१ सांगतं. आमच्या शाळेच्या समितीत आपल्या वस्तीतली एक बाई होती. तिला ते कागदावर सही केल्यापलीकडे माहीतच नव्हतं. तिला आम्ही बैठकीला पाठवलं, आणि पहिल्यांदा आम्हीही दारापर्यंत सोबत गेलो.

मागण्या छोट्या होत्या. तिन्ही दारांना कडी. मधल्या सुट्टीत मुतारीजवळ एक सेविका किंवा बाई उभ्या राहतील. शिष्यवृत्तीचा निरोप वर्गात उभं करून द्यायचा नाही. आणि पाण्यासाठी वेगळी घंटा. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये अशी घंटा सुरू केली, ती वाजली की सगळ्या मुलांनी एकाच वेळी पाणी प्यायचं. त्या पाचवीतल्या मुलींना शाळेतून काढा, असं आम्ही म्हटलं नाही. त्याही दहा वर्षांच्याच. त्यांना ते नाव कुणीतरी घरात शिकवलं असणार, आणि घरी धाडल्याने ते विसरलं जात नाही. वर्गशिक्षिकेने त्यांच्याशी एकेकीला बाजूला घेऊन बोलावं आणि दर आठवड्याला पुन्हा विचारावं, एवढं मागितलं. जमावात बोललं की जमावच उत्तर देतो.

वर्गशिक्षिका सुरुवातीला नाखूश होत्या, पण नंतर खरा फरक त्यांनीच घडवला. त्यांनी हिच्याबरोबर जायला वर्गातल्या दोन मुली निवडल्या. मुतारीत, नळावर, गेटपर्यंत, तिघी एकत्र. यामागे विचार आहे. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला 'कीवा' नावाचा कार्यक्रम २००९ पासून देशभरच्या शाळांत गेला. त्याचा सगळा भर बघ्या मुलांवर आहे. छळणारा एक असतो, सोसणारा एक, पण हसणारे दहा असतात. ते हसायचे थांबले आणि त्यांतले दोघं सोसणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले, की छळणाऱ्याची मजाच जाते.

शाळा दाद देत नसेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो. मूल फारच मिटून गेलं असेल, मरणाच्या गोष्टी बोलत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांनाही पोटदुखीचं आणि अंथरुणाचं सांगा. ते फक्त वजन-उंचीसाठी येत नाहीत.

यानंतर आम्ही विहारात रविवारच्या बालवर्गात मुलांना शाळेचा आणि वस्तीचा नकाशा काढायला लावला. भीती वाटते तिथे लाल खडूचा ठिपका द्यायचा. मुतारी, जिना, पाण्याच्या टाकीमागची जागा, शाळा सुटल्यावरचं गेट, इथे ठिपके येणार हे ठाऊक होतं. पण एका मुलाने ठिपका दिला तो आपल्याच गल्लीत, विहाराच्या मागच्या कट्ट्यावर. त्याचे वडील भंगार गोळा करतात, घरी हिंदी बोलतात. कट्ट्यावर त्याला काय म्हणतात, ते त्याने सांगितलं. म्हणणारी पोरं त्याच सतरंजीवर बसली होती, आणि त्यांतला एक माझा पुतण्या होता.

त्या दिवशी मी वर्ग लवकर सोडला. पुतण्याला घेऊन घरी चालत गेले, वाटेत रागावले नाही, फक्त त्याला ते नाव माझ्यासमोर मोठ्याने म्हणायला सांगितलं. त्याच्याने ते म्हणवलं नाही. दर रविवारी आता तो त्या मुलाला वर्गाला घेऊन येतो. सुरुवातीला माझ्या धाकाने यायचा, हल्ली दोघं उशिरा येतात, म्हणजे वाटेत खेळत असावेत.

मुलीला दिवाळीनंतर पुन्हा लागण झालेली नाही. बाटली रिकामी येते. शाळेत तीनपैकी दोन दारांना कड्या बसल्या आहेत. तिसरीचा अर्ज पुढच्या बैठकीत आहे.