तपासणीला जाताना वही बरोबर घ्या

डॉक्टरांपुढे बसलं की आपलं काय होतं, ते मी सांगायला नको. घरून निघताना दहा गोष्टी विचारायच्या ठरवलेल्या असतात. आत गेल्यावर डॉक्टर बोलतात, आपण मान डोलावतो, आणि निम्मे प्रश्न आठवतात ते जिना उतरताना! सर्दी-पडशाच्या वेळी हे चालून जातं. पण ज्या घरातल्या बाळाला जन्मतःच ऐकू येत नाही आणि ‘कॉक्लिअर इम्प्लांट करता येईल का ते पाहू’ म्हणून डॉक्टरांनी तपासणीला बोलावलं आहे, त्या घराला असं परत येणं फार महागात पडतं. पैशाच्या दृष्टीने तर खरंच, पण त्याहून जास्त वेळेच्या दृष्टीने.

अशा भेटीत पुष्कळदा काय होतं पाहा. यजमान खर्चाचं विचारतात. मामंजी ऑपरेशन किती तासांचं ते विचारतात. आणि मुलाला मांडीवर घेऊन बसलेली आई गप्प असते. वास्तविक ऑपरेशन काही तासांचं. त्यानंतर वर्षानुवर्षं ते यंत्र रोज सकाळी मुलाच्या कानामागे लावायचं, खेळताना पडलं की शोधायचं, सेल बदलायचे आणि दिवसभर त्याच्याशी बोलत राहायचं, ही कामं बहुतेक घरांत आईकडेच येतात. मग प्रश्नही तिनेच विचारायला नकोत का?

हे यंत्र करतं तरी काय?

प्रश्न विचारायचे तर थोडी माहिती हवी. आपल्या कानाच्या अगदी आत शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा एक भाग असतो. त्याला कॉक्लिआ म्हणतात. त्यात केसासारख्या सूक्ष्म पेशी असतात. त्या आवाजाचं रूपांतर विजेच्या संदेशात करतात आणि श्रवणाची नस तो संदेश मेंदूकडे पोचवते. या पेशीच निकामी असल्या, तर साध्या श्रवणयंत्राने आवाज कितीही मोठा केला तरी तो पुढे जात नाही. इम्प्लांट या पेशींना बाजूला ठेवून थेट नसेलाच संदेश देतं.

१९७८ साली मेलबर्नच्या डॉ. ग्रेअम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडांचं इम्प्लांट रुग्णाच्या कानात बसवलं. त्यांच्या वडिलांना कमी ऐकू येई, म्हणून हा विषय त्यांच्या मनात लहानपणापासून होता. कानातल्या शंखात इजा न करता तार सरकवायची कशी, हे कोडं त्यांना समुद्रकिनाऱ्यावर सुटलं. एका शंखात गवताची काडी घालून पाहिली. टोकाशी लवचीक आणि मागे ताठ असलेली काडी वेढ्यातून अलगद आत गेली!

या यंत्राचे दोन भाग असतात. एक ऑपरेशन करून कानामागे कातडीखाली बसवतात. दुसरा बाहेरचा, त्यात मायक्रोफोन, प्रोसेसर आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटणारी चकती असते. बाहेरचा भाग काढून ठेवला की मुलाला ऐकू येणं थांबतं, हे पक्कं लक्षात ठेवा. पुढचे बरेचसे प्रश्न यातूनच निघतात.

जाण्यापूर्वी आठ दिवस

एक साधी वही करा. बाळ कशाकशाला दाद देतं ते रोज लिहा. कुकरची शिट्टी, दाराची बेल, मिक्सर, पाठीमागून मारलेली हाक. दचकलं, वळलं, की काहीच नाही? जमिनीवर ताट आपटलं तर मूल कंपाने वळतं, आणि डोक्यामागे टाळी वाजवली तर वाऱ्याच्या झुळकेने. सासूबाई म्हणतात, “अगं, ऐकतो की तो!” त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. म्हणून मूल कुठे होतं, आवाज कुठून आला, हेही लिहून ठेवा. श्रवणयंत्र लावलेलं असेल तर दिवसाला किती तास लावलं आणि त्याने काय फरक पडला, तेही टिपा. श्रवणतज्ज्ञांना या नोंदी फार उपयोगी पडतात. आधीचे सगळे रिपोर्ट, बाळंतपणाचे कागद आणि लसीकरणाचं कार्ड एकाच पिशवीत घाला.

तपासण्यांबद्दल काय विचाराल?

बेरा, ओ.ए.ई., सी.टी. स्कॅन, एम.आर.आय. ही नावं ऐकून घाबरून जाऊ नका. प्रत्येक तपासणीबद्दल एवढंच विचारा: “यातून काय कळणार, आणि निकाल वेगळा आला तर पुढे काय?” बेरा तपासणीत आवाजाचा संदेश नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का, ते पाहतात. एम.आर.आय. आणि सी.टी. स्कॅनमध्ये कानातला शंख नीट घडला आहे का आणि श्रवणाची नस आहे का, ते दिसतं. नसच नसेल तर इम्प्लांटचा संदेश पोचणार कुणाकडे? म्हणून “नस आहे ना?” हा प्रश्न जरूर विचारा.

दुसरा प्रश्न: “श्रवणयंत्राने भागणार नाही, हे कशावरून ठरवलं?” इम्प्लांटपूर्वी साधारणपणे काही महिने चांगलं श्रवणयंत्र लावून पाहतात. ते नीट जुळवलेलं होतं का, हे विचारण्यात संकोच कसला?

तिसरा प्रश्न बहिरेपणाच्या कारणाचा. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येऊन ऐकू येणं गेलं असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. या आजारानंतर कानातला शंख आतून हाडाने भरत जाऊ शकतो, आणि मग तार घालणं अवघड होतं. तिथे थांबून चालत नाही. कारण आनुवंशिक असेल, तर पाठच्या भावंडाची तपासणी केव्हा करायची ते विचारून घ्या. आईवडील दोघांनाही उत्तम ऐकू येत असलं तरी असं मूल जन्माला येऊ शकतं. तेव्हा ‘ग्रहण पाळलं नाहीस’ असं कुणी म्हणालं, तर डॉक्टरांच्या तोंडूनच खरं कारण घरच्यांना ऐकू द्या. आईच्या मनावरचं केवढं तरी ओझं त्याने उतरतं.

वेळ आणि अपेक्षा

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाच्या मेंदूला आवाजाची सवय लवकरात लवकर व्हावी लागते. पहिली साडेतीन वर्षं त्या दृष्टीने फार मोलाची. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत यातलंच एखादं वर्ष आपण घालवतो. विचारा: “आमच्या मुलाच्या आजच्या वयाला इम्प्लांट झालं, तर सहा महिन्यांनी काय दिसावं? दोन वर्षांनी काय?” उत्तर ‘सगळं छान होईल’ असं आलं, तर नम्रपणे पुन्हा विचारा. कुठल्या गोष्टी नक्की सांगता येत नाहीत, तेही विचारा. दहा वर्षांच्या, कधीच न ऐकलेल्या मुलाला आणि दीड वर्षाच्या बाळाला सारखाच उपयोग होत नाही.

ऑपरेशननंतरचं रोजचं

ऑपरेशनहून शुद्धीवर आलं की मूल ऐकू लागतं, ही समजूत मनातून काढून टाका. जखम भरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. त्या वेळी मूल हसेल असंच नाही; पुष्कळ मुलं रडतात. मग पुन्हा पुन्हा जाऊन यंत्राची जुळणी करून घ्यावी लागते. तिला मॅपिंग म्हणतात. विचारा: “पहिल्या वर्षी किती वेळा यावं लागेल? हे काम आमच्या जिल्ह्यात होतं का, की दर वेळी मुंबई-पुणं गाठावं लागेल?” मुक्काम, एस.टी.चं भाडं, घरी दुसरं मूल कोण सांभाळील, याचा हिशेब या उत्तरावर अवलंबून आहे.

त्याहून महत्त्वाचं वाचाउपचारांचं. आठवड्यातून किती वेळा? शिकवणाऱ्या बाई मराठीतून शिकवतात का? घरी काय करायचं ते आईला शिकवतात, की मुलाला आत नेऊन दार लावून घेतात? कारण बाईंकडे मूल तासभर असतं, आणि आपल्याकडे दिवसभर. ‘ही बघ कोथिंबीर, आता आपण ती निवडू’, ‘पाणी उकळलं, बुडबुड आवाज आला’ असं बोलत कामं करायची, हाच खरा उपचार. यंत्र जागेपणी सारा वेळ लावलेलं हवं. म्हणून ही गोष्ट घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांकडूनच ऐकलेली बरी. शक्य असेल तर सासूबाईंना बरोबर न्या. दुपारी त्याच तर बाळाशी बोलत बसणार आहेत!

खर्चाचं पूर्ण गणित

इम्प्लांटचा खर्च लाखांत जातो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांच्या इम्प्लांटसाठी मदत मिळते. तिचं काम मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते. ही संस्था १९८३ साली स्थापन झाली. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. त्याची चौकशी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात करा. योजनांना वयाची आणि उत्पन्नाची अट असते, अपंगत्वाचा दाखला लागतो. म्हणून “कोणते कागद, आणि कोणत्या तारखेच्या आत?” हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या. कागदांच्या मागे धावण्यात मुलाचं वय उलटू नये.

आणि आता खरा प्रश्न: “योजनेतून मिळणार काय, आणि पुढे आम्ही भरायचं काय?” आतला भाग दीर्घकाळ टिकावा असाच बनवलेला असतो. बाहेरचा मात्र यंत्रच. तो झिजतो, हरवतो, भिजतो. वायर तुटते, चकती बिघडते, सेल संपतात. हमी किती वर्षांची, आतल्या भागाची वेगळी आणि बाहेरच्याची वेगळी? हमी संपल्यावर नवा प्रोसेसर केवढ्याला? दुरुस्ती होईपर्यंत दुसरा वापरायला देतात का? विमा मिळतो का? ऑपरेशन सरकारी मदतीने झालं आणि चार-पाच वर्षांनी प्रोसेसर बिघडला, पैशाअभावी तो कपाटात पडून राहिला, तर बोलू लागलेलं मूल पुन्हा नि:शब्दात जातं. त्यासाठी पहिल्या महिन्यापासून थोडे पैसे पोस्टात बाजूला टाकावे लागतील, हे यजमानांना आधीच कळू द्या.

पावसाळ्याचंही विचारा. मीठ पाझरतं त्या दिवसांत यंत्राला ओल लागतेच. कोरडं ठेवण्याच्या डब्याबद्दल माहिती घ्या.

धोक्यांबद्दल आणि दुसऱ्या वाटेबद्दल

धोके विचारले म्हणजे अभद्र बोललो असं नाही. त्या कानात थोडंफार ऐकू येत असेल, तर ते ऑपरेशनने जाऊ शकतं. जंतुसंसर्ग, चक्कर, चेहऱ्याच्या नसेला इजा याबद्दल स्पष्ट विचारा. इम्प्लांट असलेल्या मुलांना मेनिंजायटिसचा धोका थोडा अधिक असतो. म्हणून न्यूमोकोकसची लस कधी द्यायची ते पाहा. पुढे कधी एम.आर.आय. करावा लागला तर आतल्या लोहचुंबकाचं काय? आतला भाग बिघडलाच तर पुन्हा ऑपरेशन कोण करील, खर्च कुणाचा?

आणि हेही विचारा, की मूल इम्प्लांटला योग्य ठरलं नाही तर पुढे काय. भारतीय सांकेतिक भाषा ही खरीखुरी भाषा आहे. ती शिकून मुलं शिकतात, संसार करतात. इम्प्लांट झालेल्या मुलालाही ती शिकवता येते. त्यात कमीपणा मुळीच नाही. मूल कोणत्याही भाषेवाचून बसून राहू नये, एवढं पाहायचं.

विचारायचं कसं?

डॉक्टरांना घाई असते, हे खरं. म्हणून सगळ्यांत महत्त्वाचे पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि बसल्याबसल्या सांगा, “माझे पाच प्रश्न आहेत.” बाकीचे श्रवणतज्ज्ञांना आणि वाचाउपचाराच्या बाईंना विचारा, त्यांच्याकडे वेळ जास्त असतो. कळलं नाही तर “मराठीत पुन्हा सांगाल का?” म्हणायला लाजू नका. इम्प्लांट होऊन दोन-तीन वर्षं झालेल्या एखाद्या मुलाच्या आईला भेटता येईल का, तेही विचारा. सेल किती दिवस पुरतात, हे तिच्याइतकं कोण सांगणार? कोणत्याही कागदावर सही त्याच दिवशी करायला हवी का, हे विचारून घ्या. बहुतेक वेळा तशी गरज नसते.

प्रत्येक प्रश्नाखाली चार ओळी कोऱ्या सोडा. उत्तर तिथेच लिहा, कुणी दिलं त्याचं नाव आणि तारीख घाला. घरी आल्यावर रात्री जेवणं झाली की सगळ्यांना ते वाचून दाखवा, आणि ज्या प्रश्नाखालची जागा कोरीच राहिली असेल, तो पुढच्या भेटीच्या पानावर सर्वांत वर उतरवून ठेवा.