तार तुटली तर? : यंत्रनियंत्रणाचा पहिला धडा

कुर्डुवाडी म्हटले की रेल्वेचे जंक्शन आठवते. पुणे–सोलापूर आणि मिरज–लातूर हे दोन लोहमार्ग येथे एकमेकांना भेटतात. १८९७ साली येथून बार्शीपर्यंत बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, तेव्हा या स्थानकाला ‘बार्शी रोड’ म्हणत. अडीच फूट रुंदीचा तो नॅरोगेज मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. खांबावर हात असलेले जुने सिग्नलही मागे पडले. परंतु त्या सिग्नलांनी ज्या प्रश्नाचे उत्तर दिले होते, तोच प्रश्न आज अभियांत्रिकी महाविद्यालयात कारखान्यांतील स्वयंचलित नियंत्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. प्रश्न साधा आहे. तार तुटली तर काय होईल?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी आपण प्रथम शेतात जाऊ.

विहिरीवरचा स्टार्टर

विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर तुम्ही पाहिला असेल. त्यावर एक हिरवी कळ असते आणि एक लाल. हिरवी कळ दाबून बोट काढून घेतले तरी मोटर चालूच राहते. असे का होते?

स्टार्टरच्या पेटीत एक विद्युतचुंबक असतो. हिरवी कळ दाबली की त्याच्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतो. चुंबक लोखंडी पट्टी ओढून घेतो आणि मोटरकडे जाणारे जोड मिळतात. त्याच वेळी आणखी एक छोटा जोड मिळतो. हा जोड हिरव्या कळीला समांतर असतो. त्यामुळे बोट काढले तरी वेटोळ्याला या दुसऱ्या वाटेने प्रवाह मिळत राहतो. लाल कळ मात्र एकसरीत असते. ती दाबली की मार्ग तुटतो, पट्टी सुटते आणि छोटा जोडही उघडतो. मग लाल कळ सोडली तरी मोटर पुन्हा सुरू होत नाही.

ही सारी हकीकत एका वाक्यात सांगता येईल : ‘हिरवी कळ दाबलेली आहे किंवा मोटर आधीच चालू आहे, आणि लाल कळ दाबलेली नाही, तर मोटर चालू ठेव.’ या वाक्यातील ‘किंवा’ म्हणजे समांतर जोडणी, ‘आणि’ म्हणजे एकसर जोडणी. जॉर्ज बूल या गणितज्ञाने १८५४ साली अशा वाक्यांचे बीजगणित मांडले होते. विजेच्या खटक्यांची मंडले या बीजगणिताने सोडवता येतात, हे क्लॉड शॅनन या तरुण अमेरिकन विद्यार्थ्याने १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखवून दिले.

वीज गेली की चुंबक सुटतो आणि वीज परत आली तरी मोटर आपोआप सुरू होत नाही. ही गैरसोय टाळण्यासाठी अनेक शेतकरी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवतात. त्यामुळे रात्रीची फेरी वाचते, हे खरे. परंतु वीज येताच साऱ्या मोटरी एकदम सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट अधिक प्रवाह घेते आणि तो सारा भार रोहित्रावर एकाच क्षणी पडतो.

तारांच्या जागी शब्द

एका मोटरला एक स्टार्टर पुरतो. पण साखर कारखान्यातील सेंट्रिफ्यूगल यंत्राचा विचार करा. त्यात साखरेचे दाणे तयार झालेला घट्ट पाक भरायचा, जाळीचे पिंप वेगाने फिरवून मळी बाहेर काढायची, ठरावीक वेळ पाण्याने धुवायचे, वेग कमी करायचा आणि मग साखर खरवडून काढायची. एकामागून एक येणाऱ्या अशा कामांसाठी पूर्वी रिले नावाच्या विद्युतचुंबकी खटक्यांनी कपाटे भरत. कामाचा क्रम बदलायचा म्हणजे तारा सोडून पुन्हा जोडाव्या लागत.

मोटारींचे नवे नमुने वरचेवर काढणाऱ्या जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीला ही अडचण फार जाणवली. १९६८ साली तिने रिलेंना पर्याय मागितला. डिक मोर्ली आणि त्यांचे सहकारी यांनी बनविलेला ‘मोडिकॉन ०८४’ हा नियंत्रक १९६९ साली तिच्याकडे पोचला. हाच प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे पीएलसी. त्यात तारांची जोडणी कार्यक्रमाच्या रूपाने स्मृतीत साठवलेली असते. क्रम बदलायचा तर कार्यक्रम बदलावा, तारा तशाच राहू द्याव्यात. विजेची कामे करणाऱ्यांना सवयीची असलेली शिडीसारखी आकृतीच त्याची भाषा म्हणून घेतली गेली. शिडीची प्रत्येक पायरी म्हणजे वर दिलेल्यासारखे एक वाक्य असते.

पीएलसीचे काम तीन पावलांत चालते. तो आधी सर्व कळा आणि संवेदक यांची स्थिती वाचतो. मग पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत हिशेब करतो. शेवटी मोटरी, झडपा व दिवे यांना आज्ञा देतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. अशा एका फेरीला १० मिलिसेकंद लागतात असे समजू. बोटाने दाबलेली कळ सुमारे एक दशांश सेकंद दाबलेली राहते. तेवढ्यात त्याच्या दहा फेऱ्या होतात. म्हणून आपल्याला तो तत्काळ काम करतो असे वाटते.

शून्य म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, लाल कळ दाबल्यावर प्रवाह सुरू होईल अशी जोडणी केली. रोजच्या वापरात यंत्र ठीक चालेल. एके दिवशी उंदराने कळीची तार कुरतडली, तरी कोणाला पत्ता लागणार नाही. अपघात झाला म्हणून कोणी धावत येऊन लाल कळ दाबेल, आणि यंत्र थांबणार नाही!

म्हणून लाल कळ नेहमी उलटी असते. ती दाबलेली नसताना तिच्यातून प्रवाह वाहतो, दाबली की तुटतो. तार तुटली तर यंत्र आपोआप थांबते आणि बिघाड उघडकीस येतो. विद्यार्थी नेमके येथेच गोंधळतात. कळ दाबलेली नसताना पीएलसीला १ दिसतो आणि दाबल्यावर ०, हे ध्यानात ठेवूनच शिडीची पायरी लिहावी लागते. शिवाय माणसाचा जीव वाचविणारी आणीबाणीची कळ केवळ कार्यक्रमावर सोपवत नाहीत. तिची तार यंत्राची वीज थेट तोडेल अशी व्यवस्था करतात.

हे शहाणपण रेल्वेने फार आधी कमावले. जुन्या सिग्नलचा आडवा हात म्हणजे ‘थांबा’. तार ओढली की हात खाली झुके, आणि तार तुटली तर वजनाच्या भाराने तो पुन्हा आडवा होई. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन यांनी रुळांतूनच सौम्य प्रवाह सोडून रिले ओढून धरण्याची युक्ती काढली. गाडी आली की तिची चाके व आस दोन्ही रूळ जोडतात. प्रवाह त्या सोप्या वाटेने जातो, रिले सुटतो आणि सिग्नल लाल होतो. बॅटरी संपली किंवा तार तुटली तरीही सिग्नल लालच होतो. गाडी खोळंबेल, पण धडकणार नाही.

पण तार तुटण्याऐवजी चुकीच्या जागी जोडली गेली तर? २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला. सांधा मात्र बाजूच्या मार्गाकडे वळलेला होता. गाडी तेथे उभ्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सिग्नलच्या मंडलातील फेरबदलाच्या कामात चुका झाल्या होत्या, असे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत आढळले. तर्क कितीही अचूक असो, त्याला मिळणारी माहिती खोटी असेल तर उत्तर खोटेच येते. म्हणून तारेला हात लावल्यावर प्रत्येक सांधा, प्रत्येक दिवा प्रत्यक्ष तपासणे हा या विद्येचा अर्धा भाग आहे.

करून पाहा

विहिरीवरचा स्टार्टर उघडू नका, त्यातील वीज प्राणघातक असते. सहा व्होल्टची बॅटरी, दोन जोड असलेला सहा व्होल्टचा रिले, दोन कळा आणि एक दिवा घ्या. रिलेचा एक जोड हिरव्या कळीला समांतर लावा, दुसऱ्याने दिवा पेटवा. लाल कळीसाठी पत्र्याची अशी पट्टी करा, की ती दाबली असता जोड सुटेल. आता प्रत्येक तार एकेक करून सोडा आणि दिव्याचे काय होते ते वहीत लिहा. विहिरीतले पाणी संपले की मोटर बंद व्हावी, असे वाटत असेल तर पाण्याचा खटका समांतर लावाल की एकसर? आणि पाणी असताना तो मिटलेला हवा की उघडा? उत्तर देण्याआधी तार तुटल्याची कल्पना करायला विसरू नका.