स्वच्छ डिस्कवरचा काळोख

१९४५ साली अमेरिकेत 'डिटूर' नावाचा एक चित्रपट आला. लांबी ७० मिनिटांहून कमी, मोठा नट एकही नाही, आणि निर्माती कंपनी पीआरसी, म्हणजे हॉलिवूडमधल्या फाटक्या खिशाच्या स्टुडिओंपैकी एक. मोठ्या सिनेमाच्या जोडीला दाखवायचा आणि नंतर विसरून जायचा, अशातला हा माल. 'सी.आय.डी.'सारखे जुने काळे-पांढरे गुन्हेपट ज्यांना आवडतात, त्यांनी तो आता ब्ल्यू-रे डिस्कवर जरूर पाहावा.

गोष्ट साधी आहे. न्यूयॉर्कच्या क्लबात पियानो वाजवणारा अल रॉबर्ट्स आपल्या मैत्रिणीला भेटायला लॉस एंजेलिसला निघतो. तिकिटाला पैसे नाहीत, म्हणून रस्त्यात अंगठा दाखवत, मिळेल त्या गाडीतून. वाटेत ज्याने गाडीत घेतले तोच गृहस्थ मरतो. पोलीस आपले ऐकणार नाहीत, या भीतीने अल त्याचे कपडे, पैसे, गाडी आणि नावही घेतो. दुसऱ्या दिवशी तो व्हेरा नावाच्या बाईला गाडीत घेतो, आणि तिला त्या मेलेल्या माणसाचा चेहरा ठाऊक असतो! पुढचे सांगत नाही. टेलिफोनच्या तारेवर लक्ष ठेवा, एवढेच.

दिग्दर्शक एडगर उल्मर हा मूळचा ऑस्ट्रिया-हंगेरीतला. १९३४ साली त्याने युनिव्हर्सलसाठी 'द ब्लॅक कॅट' केला, तो चाललाही. पण स्टुडिओच्या मालकाच्या भाच्याच्या बायकोशी त्याचे प्रेम जुळले, तिने घटस्फोट घेऊन याच्याशी लग्न केले, आणि मोठ्या स्टुडिओंचे दरवाजे याला बंद झाले. पुढची वर्षे अशाच तुटपुंज्या पैशांत गेली. 'डिटूर' सहा दिवसांत उरकला असे तो सांगत असे. अभ्यासक हे मानत नाहीत, आणि पडद्यावरची नेटकी कामगिरी पाहून मलाही ते पटत नाही.

या चित्रपटाच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण कुणी केलेच नाही. त्यामुळे तो बेवारस झाला. ज्याच्या हाती जी प्रत लागली, त्याने तिच्यावरून कॅसेट काढली, पुढे स्वस्त डीव्हीडी काढली. चित्र पुसट, आवाजात खरखर, मधले शब्द गाळलेले. पण बेवारस असल्यामुळेच तो दूरवर पोचला आणि जगला, हेही तितकेच खरे. आपला 'आलम आरा' १९३१ चा, आणि त्याची एकही प्रत आज उरलेली नाही!

अमेरिकेच्या अकादमीचे फिल्म संग्रहालय आणि फिल्म फाउंडेशन यांनी चांगल्या प्रतीचा शोध घेतला, तेव्हा ती सापडली बेल्जियमच्या सरकारी संग्रहात. तिच्यावर फ्रेंच आणि फ्लेमिश उपशीर्षके कायमची छापलेली होती. दुसऱ्या प्रतींची मदत घेऊन ती अक्षरे संगणकावर पुसली गेली. क्रायटेरियन कंपनीने २०१९ साली हेच रूप डिस्कवर आणले. सोबत उल्मरवरचा एक माहितीपट आहे, आणि ही दुरुस्ती कशी झाली याचाही एक भाग आहे. तो आधी पाहू नका, सिनेमानंतर पाहा.

चित्र स्वच्छ झाल्यावर कळते की धुके हे प्रतीचा दोष नव्हते. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर दोघे चालतात, तिथे रस्ता उभारायलाच पैसे नव्हते. उल्मरने धूर सोडला आणि दोन पाट्या लावल्या. ढाब्यावर बसलेल्या अलच्या आठवणी सुरू होतात, तेव्हा सगळा उजेड विझतो आणि फक्त डोळ्यांवर पट्टा उरतो. खराब प्रतीत हे सगळे एकाच राखाडी चिखलात जाई.

आमचा भाचा अमेरिकेहून येताना ही डिस्क घेऊन आला, आणि आम्ही तिघांनी मिळून पाहिली. अल रस्त्यावर उभा राहून गाड्या थांबवतो, तिथे भाचा उठूनच बसला. "मामा, गाड्या उलट्या बाजूने चालल्यात! स्टिअरिंग बघा!" आमची ही म्हणाली, "उलट्या कुठे रे? बरोबर तर चालल्यात." डावीकडून गाडी, उजवीकडे चालक, इंदूरच्या माणसाला त्यात वावगे काय दिसणार! प्रत्यक्षात ती दृश्ये फिल्म उलटी करून छापलेली आहेत. नकाशावर पश्चिम डावीकडे, म्हणून प्रवासही पडद्यावर उजवीकडून डावीकडे दिसावा, असे त्याचे कारण सांगतात. डिस्क करणाऱ्यांनी ते सुधारले नाही, हे उत्तम केले.

खरा वाद नंतर जेवताना झाला. सगळी गोष्ट अल स्वतःच्याच तोंडाने सांगतो: मी काही केले नाही, नशिबाने केले. भाच्याला त्याची दया आली. हिचे म्हणणे, "मेल्याच्या पाकिटात हात घालताना नशीब कुठे होते?" मी हिच्या बाजूचा आहे. आता टॉम नीलचा चेहरा स्पष्ट दिसतो, आणि तोंड जे सांगते ते चेहरा दर वेळी सांगत नाही. उलट ॲन सॅव्हेजची व्हेरा, जिला तो डाकीण ठरवतो, ती निदान खोटे सोंग आणत नाही. तिचा खोकला ऐका. ही बाई फार दिवस काढणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. ही अमेरिकेतली डिस्क 'ए' विभागाची आहे आणि आपला देश 'सी' विभागात येतो, त्यामुळे इथला साधा प्लेअर ती घेत नाही. सर्व विभाग चालणारा प्लेअर लागतो. तो भाच्याने इथेच ठेवला आहे. मंडळातल्या कुणाला हवा असेल तर डिस्कसकट घेऊन जा, फक्त आठवड्यात परत करा. हिला तो पुन्हा पाहायचा आहे.